बटण कुणीच दाबलं नव्हतं

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक छोटा टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारा, लिहिला होता. लॉग (सर्व्हिसच्या नोंदी) बघायचे आणि गरज पडली तर 'आर' दाबून सर्व्हिस रीस्टार्ट करायची. ऑफिसात सगळं झकास चाललं. क्लायंटच्या सर्व्हरवर मात्र प्रोग्रॅम उघडला की कधीकधी सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट व्हायची. क्लायंट म्हणे, आम्ही काही दाबलंच नाही. मी मनात म्हणालो, सगळे असंच म्हणतात. तो खरं बोलत होता.

टर्मिनल काय काय करू शकतं हे 'टर्म' व्हेरिएबल (टर्मिनलचं नाव) आणि टर्मइन्फो (त्या नावापुढे क्षमता लिहिलेली यादी) यांवरून कळतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण लग्नाच्या बायोडाटात जसे सगळेच निर्व्यसनी असतात, तसे निम्मे टर्मिनल स्वतःला 'एक्सटर्म-२५६कलर' म्हणवतात. नावावरून जोखणारा कोड लिहू नका, उगाच फसाल. 'कलरटर्म' हे रंगांची क्षमता सांगणारं व्हेरिएबल एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या मशीनवर काम करायच्या जोडणीतून, सहसा पलीकडे पोचतच नाही. आणि पार्श्वभूमी काळी की पांढरी, हे तर यातलं काहीच सांगत नाही. ते थेट टर्मिनललाच विचारावं लागतं: एस्केप, उजवा चौकटी कंस, मग '११;?' आणि शेवटी बेल कॅरेक्टर. उत्तर येतं ते साधारण '११;आरजीबी:१ई१ई/१ई१ई/१ई१ई' असं.

माझा प्रोग्रॅम उघडताच हेच विचारायचा. मी अडकलो तो इथेच, म्हणून जरा लांबण लावतो. हे उत्तर कुठल्या वेगळ्या दाराने येत नाही. कीबोर्डची अक्षरं ज्या वाटेने येतात त्याच वाटेने, स्टँडर्ड इनपुटवर येतं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने कुणीतरी फार भराभर टाइप केलंय, एवढंच. ज्या टर्मिनलला प्रश्नच कळत नाही ते गप्प बसतं. त्यामुळे वाट किती बघायची हा प्रश्न येतो. मी १०० मिलिसेकंद ठेवले होते. क्लायंटचा सर्व्हर समुद्रापार, जाऊन-येऊन २५० च्या वर. म्हणजे मी वाट बघून पुढे निघालो की मग उत्तर यायचं, आणि 'आरजीबी'मधला 'आर' माझा प्रोग्रॅम इमानदारीत बटण म्हणून घ्यायचा. प्रोग्रॅम तोवर बंद झालेला असेल तर तीच अक्षरं शेलच्या प्रॉम्प्टवर सांडायची. पुटी नावाच्या टर्मिनलमध्ये चुकून बायनरी फाइल कॅट केल्यावर (स्क्रीनवर ओतल्यावर) 'पुटीपुटी' उमटतं, ते याच जातीचं. फाइलमधल्या कंट्रोल-ई या ओळख विचारणाऱ्या अक्षराला टर्मिनलने दिलेलं ते उत्तर असतं.

माझे सीनियर म्हणाले, "टाइमआउट ५०० कर, सोड." केलं. मग ऑफिसातले लोक ओरडू लागले, कारण ज्यांचं टर्मिनल गप्प बसायचं त्यांना दर वेळी अर्धा सेकंद कोरी स्क्रीन दिसायची. आकडा वाढवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे माझं तेव्हापासूनचं मत. असा सल्ला देणारे सीनियर भेटतील. चहा घ्या त्यांच्याबरोबर, कोड घेऊ नका.

खरा उपाय सोपा आहे. प्रश्नाच्या पाठोपाठ लगेच दुसरा प्रश्न पाठवायचा: एस्केप, डावा चौकटी कंस, 'सी'. "तू कोण?" असा हा प्रश्न. १९७८च्या व्हीटी१००लाही तो कळायचा आणि आजही जवळपास प्रत्येक टर्मिनल त्याला उत्तर देतं. उत्तरं सहसा विचारल्या क्रमानेच येतात. त्यामुळे 'तू कोण'चं उत्तर आधी आलं, तर पहिला प्रश्न कळलाच नाही असं समजायचं. टाइमआउट ठेवा, पण तो शेवटचा आधार म्हणून, दोनेक सेकंदांचा. ते दुसरं उत्तर वाचल्याशिवाय प्रोग्रॅममधून बाहेर पडू नका. मधे युजरने दाबलेली बटणं फेकू नका, बाजूला ठेवा. आणि बटणं ओळखणाऱ्या कोडलाच ही उत्तरं ओळखायला शिकवा, म्हणजे उशिरा आलेलं उत्तरही गुपचूप गिळलं जाईल.

विचारण्याआधी रॉ मोड लावा, म्हणजे प्रत्येक अक्षर न उमटता तडक प्रोग्रॅमला मिळतं. नाहीतर उत्तर स्क्रीनवर उमटेल आणि प्रोग्रॅम एंटरची वाट बघत बसेल. आउटपुट पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे) जात असेल तर '/डेव्ह/टीटीवाय', म्हणजे खुद्द टर्मिनल, उघडून तिथे विचारा. टीमक्समध्ये (एका टर्मिनलच्या आत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्रॅम) उत्तर टीमक्स देतं, बाहेरचं टर्मिनल नाही. कर्सर कुठे आहे हे विचारत असाल तर एक गंमत: कर्सर पहिल्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात असेल तर येणारं उत्तर आणि शिफ्ट-एफ३ यांत काडीचाही फरक नसतो. त्यावर मलाही चांगला तोडगा सापडलेला नाही. घाबरू नका, शिफ्ट-एफ३ कुणी दाबत नाही.

हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर तपासता येतं. लिनक्सवर 'टीसी' कमांडने 'नेटएम' (नेटवर्कला मुद्दाम उशीर लावणारी सोय) वापरून लूपबॅकला, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीला, १५० मिलिसेकंदांचा उशीर लावा आणि स्वतःलाच एसएसएच करा. जाऊन-येऊन ३०० होतात. काम झालं की तो उशीर काढा. मी विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी लोकल डेटाबेस इतका संथ का, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत इंडेक्स तपासत बसलो होतो.