ओळखीतला कॉन्ट्रॅक्टर आणि कॅलिफोर्नियातलं किचन: या चुका टाळा

बे एरियात मराठी माणसानं घराचं काम काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ओळखीतला कुणी आहे का?" गावाकडे हा प्रश्न बरोबरच असतो. मिस्त्री चार गल्ल्या पलीकडे राहतो, स्लॅब गळायला लागला तर त्याला बाजारात गाठता येतं, नाहीतर त्याच्या वडिलांच्या कानावर घालता येतं. इथं ती सोय नाही. इथं ओळखीच्या जागी सरकारी नोंद आहे. ती न बघता आपण मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या कुणाच्या तरी शब्दावर पन्नास-साठ हजार डॉलरचं काम देऊन मोकळे होतो. मीही दिलं होतं.

पुढचं सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सासात जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसनच लागत नाही, त्यामुळे ऑस्टिनच्या भाच्याचा सल्ला फ्रीमाँटमध्ये चालवू नका.

"लायसन आहे" हे नुसतं ऐकून घेणं

कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, म्हणजे सीएसएलबी, यांच्या साइटवर लायसन नंबर टाकला की दोन मिनिटांत कुंडली समोर येते. पैसे लागत नाहीत. बहुतेक जण "ॲक्टिव्ह" हा शब्द वाचतात आणि खिडकी बंद करतात. तिथंच फसगत होते.

आधी नाव बघा. नंबर एकाचा आणि काम करणारा दुसराच, हा प्रकार सर्रास चालतो: मेव्हण्याचा, जुन्या मालकाचा, कधी चक्क अनोळखी माणसाचा नंबर. करारावरचं नाव नोंदीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लायसनचं खिशातलं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र मागायला लाजू नका.

मग वर्ग. घराच्या एकत्रित कामाला "बी" म्हणजे जनरल बिल्डिंग लागतं. सी-३३ हे रंगाऱ्याचं, सी-१० इलेक्ट्रिकचं, सी-३६ प्लंबिंगचं. रंगारी कितीही सज्जन असला तरी त्या लायसनवर त्याला आख्खं किचन घेता येत नाही. आता "बी-२" हा खास रिमॉडेलिंगचा वर्गही आहे, पण त्यातल्या माणसाला भार पेलणारी भिंत हलवता येत नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांना तर तीच भिंत पाडून किचन आणि हॉल एक करायचा असतो.

वर्कर्स कॉम्पच्या, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगारांच्या विम्याच्या, रकान्यात "एक्झेम्प्ट" दिसलं तर त्याचा अर्थ, माझ्याकडे कामगार नाहीत असं त्यानं लिहून दिलंय. सोमवारी सकाळी तो तीन पोरं घेऊन आला तर ती पोरं कोण? त्यातला एक शिडीवरून पडला तर दवाखान्याचं बिल तुमच्या दारात येऊ शकतं.

आणि तो बाँड, म्हणजे लायसनसाठी त्याला द्यावी लागणारी हमी. "लायसन्ड अँड बाँडेड" ऐकलं की आपल्याला विमा वाटतो. २०२३ पासून बाँडची रक्कम २५,००० डॉलर आहे, पण ती तुमच्या एकट्याच्या कामासाठी नसते. त्याचे सगळे नाराज ग्राहक, पगार थकलेले कामगार, सगळे त्याच भांड्यात हात घालतात. नुकसानभरपाईचा लायबिलिटी विमा तर एलएलसी (मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या) सोडल्या तर बंधनकारकही नाही. त्याचं सर्टिफिकेट विमा कंपनीकडूनच मागवा. कॉन्ट्रॅक्टरनं फोनवर दाखवलेला पीडीएफ नको.

किरकोळ कामाला लायसन लागत नाही, हेही अर्धवट ऐकलेलं असतं. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा मजुरी आणि सामान धरून १,००० डॉलर आहे. त्याआधी ती ५०० होती. बांधकामाचं सरकारी परमिट लागत असेल किंवा माणूस मदतनीस घेऊन येणार असेल तर तीही सवलत नाही. एकच काम नऊशे-नऊशेचे तुकडे करून दाखवणंही चालत नाही.

उचल देऊन बसणं

गवंड्याला उचल द्यायची आपल्याला सवय आहे, म्हणून "अर्धे आधी" म्हटलं की खटकत नाही. कॅलिफोर्नियात घराच्या कामाचं डाउन पेमेंट कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं. साठ हजारांच्या किचनला दहा टक्के म्हणजे सहा हजार होतात. कायद्यानं मिळतात एक हजार. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या किंवा घरी पोचलेल्या सामानाच्या किमतीपेक्षा जास्त नकोत. मोठा खास बाँड ठेवलेल्या मोजक्या कॉन्ट्रॅक्टरांना यातून सूट आहे, पण तेही बोर्डाच्या साइटवर दिसतं.

"कॅबिनेट स्पेशल ऑर्डर आहेत हो, कंपनी आधी पैसे मागते." मागत असेल. मग कॅबिनेट तुम्ही स्वतः दुकानातून घ्या आणि पावती तुमच्या नावावर ठेवा.

कॅशमध्ये दिले तर दहा टक्के सूट, हे आमिष आपल्याला जरा जास्तच गोड लागतं. पुढे भांडण झालं की त्या कॅशचा पुरावा शोधायला आपणच फिरतो.

ते पाकीट कचऱ्यात टाकणं

माझी चूक ही. काम सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत काउंटरटॉपच्या दुकानाकडून "प्रिलिमिनरी नोटिस" आली. वर जाड अक्षरं, आत कायद्याची भाषा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "रूटीन आहे, लक्ष देऊ नका." मी ड्रॉवरमध्ये टाकली. काम झालं, शेवटचा चेक दिला, वास्तुशांतीसारखी पुरणपोळीही झाली. दोन महिन्यांनी कळलं की आमच्या घरावर लीन चढलाय. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, अगदी तसा. कॉन्ट्रॅक्टरनं आमच्याकडून पैसे घेतले आणि दुकानदाराला दिलेच नाहीत. कायद्याच्या नजरेत दगड आमच्या घरात बसलाय, म्हणून वसुली आमच्या घरावरून. मी सगळे पैसे दिलेत याला काहीच अर्थ नव्हता. शेवटी दुकानदाराशी तडजोड करून निम्मी रक्कम दुसऱ्यांदा भरली.

रूटीन आहे हे कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं खरंच होतं. सामान किंवा मजुरी पुरवायला लागल्यापासून वीस दिवसांत ही नोटिस पाठवायचीच असते. ती धमकी नसते. उलट ती तुमची यादी आहे: तुमच्या घरात कुणाकुणाचे पैसे गुंतलेत हे त्यावरून कळतं. प्रत्येक हप्त्याच्या वेळी त्या यादीतल्या प्रत्येकाकडून वेव्हर, म्हणजे लीनचा हक्क सोडल्याचा सही केलेला कागद, घ्या. चेक देताना कंडिशनल (पैसे मिळाले तरच लागू), तो वटला की अनकंडिशनल (बिनशर्त). फॉर्म कायद्यानंच ठरवून दिलेले आहेत. शंका असेल तर कॉन्ट्रॅक्टर आणि दुकानदार अशा दोघांच्या नावे एकच चेक काढा.

लीन चढलाच तर तारीख बघा. नोंदवल्यापासून ९० दिवसांत लीन लावणाऱ्यानं कोर्टात दावा लावला नाही तर तो लीन लागू करता येत नाही. फक्त तो नोंदीतून आपोआप पुसला जात नाही. तो सोडवून घ्यावा लागतो.

"परमिट तुम्हीच काढा"

हे वाक्य ऐकलं की थांबा. ओनर-बिल्डर, म्हणजे स्वतःच काम करवून घेणारा मालक, म्हणून सही केली की कामाची आणि कामगारांची जबाबदारी तुमच्यावर येते. लायसन सस्पेंड असलेल्याला स्वतःच्या नावानं परमिट मिळत नाही, म्हणून तो तुम्हाला पुढे करतो. घर १९७८ च्या आधीचं असेल, आणि फ्रीमाँट-सनीव्हेलमधली कितीतरी घरं तशी आहेत, तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते खरवडणाऱ्याकडे ईपीएचं (केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचं) लेड-सेफ प्रमाणपत्र हवं.

मधेच सुचलेला बदल तोंडी सांगू नका. चेंज ऑर्डरवर किंमत आणि वाढणारे दिवस लिहून दोघांच्या सह्या, मगच हातोडा.

काम अर्ध्यावर अडलंय?

रागानं दुसरा माणूस आणून पाडापाडी करू नका. पहिल्याची चूक त्या राडारोड्याबरोबर जाते. आधी फोटो काढा, मग तारीख घालून लेखी कळवा: काय राहिलंय, कधीपर्यंत हवंय. पुढचा हप्ता थांबवा. सीएसएलबीकडे तक्रार फुकट करता येते, आणि साधारण चार वर्षांची मुदत असते. बाँड कंपनीकडे दावा वेगळा लावायचा. बोर्ड तो तुमच्या वतीनं लावत नाही. १२,५०० डॉलरपर्यंतची रक्कम स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय मागता येते.

माणूस बिनलायसनचा निघाला तर कायदा त्याच्याशी फार कठोर आहे: त्याला उरलेल्या पैशांसाठी कोर्टात जाता येत नाही, उलट दिलेले सगळे पैसे तुम्ही परत मागू शकता, काम बरं झालेलं असलं तरी. निकाल मिळेल, पैसे मिळतील का, ते त्याच्या खात्यात काय शिल्लक आहे त्यावर.

सही करून पस्तावलात तर तीन कामकाजाचे दिवस हातात असतात, मालक ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे असतील तर पाच. रद्द करतोय हे लेखी द्या.

शेवटचा चेक सिटीच्या इन्स्पेक्टरची फायनल सही झाल्यावर आणि फायनल वेव्हर हातात आल्यावरच. काम संपल्यापासून १५ दिवसांत काउंटीत "नोटिस ऑफ कम्प्लिशन" नोंदवा. त्यानं दुकानदार आणि सबकॉन्ट्रॅक्टरांना लीन लावायला ९० ऐवजी ३० दिवसच उरतात.

मागच्या वर्षी बाथरूम काढलं तेव्हा मी नव्या कॉन्ट्रॅक्टरकडे हे सगळे कागद मागितले. वाटलं, चिडेल. तो ट्रककडे गेला आणि वेव्हरच्या कोऱ्या फॉर्मचं पॅड घेऊन आला.