दुखापतीतून परतणारा पिचर घ्यावा का? माझ्या वहीतला हिशेब

३० जुलै २०२५. मेजर लीग बेसबॉलमधल्या ट्रेडची, म्हणजे क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला संपणार होती. आमच्या ऑफिसात दहा जणांची फॅन्टसी लीग आहे (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण), तिची मुदतही आम्ही तीच ठेवली होती. रात्री साडेनऊला एका सहकाऱ्याचा मेसेज आला: ‘शेन बीबर घे, ॲडिसन बार्जर दे.’

बीबर हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, तेव्हा क्लीव्हलंड गार्डियन्सकडे होता. सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा २०२०चा विजेता. पण एप्रिल २०२४मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाल्यापासून मोठ्या लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या टोरांटो ब्लू जेजनी त्याला खरोखरच घेतलं, खाल स्टीफन हा तरुण पिचर देऊन. क्लबच्या कचेरीत आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या रात्री एकच प्रश्न होता: दुखण्यातून उठलेल्या हाताचं मोल किती धरायचं?

मी टोरांटोजवळ मिसिसागात राहते, माहेर सांगलीचं. अण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. माल कुणाच्या शेतातला, याला ते फारशी किंमत देत नसत. हळकुंड मोडून आतला रंग बघायचे आणि विचारायचे, “पेवात किती दिवस होता माल?” परतणारा पिचर जोखताना मी हेच दोन प्रश्न विचारते. आज आत रंग काय आहे, आणि किती दिवस पडून होता. त्याचं नाव आणि जुने पुरस्कार मी शेवटी बघते, कारण ते आधी बघितले की हात सैल सुटतो.

दुखलं नेमकं काय होतं

बातमीत नुसतं ‘हाताची दुखापत’ लिहिलेलं असेल तर तिथे थांबू नका. कोपर की खांदा, हे कळल्याशिवाय पुढचा हिशेब मांडताच येत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं की टॉमी जॉन शस्त्रक्रिया होते. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनवर ती पहिल्यांदा केली. दुसऱ्या हाताच्या मनगटातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला. जॉन १९७६मध्ये परतला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने त्यानंतर मिळवले. आज ही वाट मळलेली आहे. बारा ते अठरा महिने लागतात, टप्पे ठरलेले असतात, आणि बरेच जण जुन्या वेगाने परततात. गॅरेट क्रोशेची हीच शस्त्रक्रिया २०२२मध्ये झाली. २०२३मध्ये तो जेमतेम १२⅔ इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव) टाकू शकला, २०२४मध्ये १४६ टाकल्या आणि २०९ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तितक्या फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. त्या डिसेंबरात बॉस्टनने त्याच्यासाठी व्हाइट सॉक्सना चार तरुण खेळाडू दिले. २०२५मध्ये त्याने २५५ स्ट्राइकआउट घेतले. मात्र शस्त्रक्रिया पहिली की दुसरी, हे बघाच. दुसऱ्यांदा त्याच कोपरावर झाली असेल तर मी किंमत निम्मी करते.

खांद्याचं दुखणं वेगळं. तिथे ठरलेली वाट नाही. २०२२च्या जुलैत ओकलंडच्या फ्रँकी मोंटासला खांद्याच्या दाहामुळे विश्रांती घ्यावी लागली. तो परतला, दोन सामने टाकले, आणि १ ऑगस्टला यांकीजनी त्याला लू ट्रिव्हिनोसह चार खेळाडूंच्या बदल्यात घेतलं. यांकीजसाठी त्या वर्षी आठ स्टार्ट (पहिल्या चेंडूपासून टाकलेले सामने), ईआरए ६.३५. म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर सहापेक्षा जास्त धावा. पुढच्या फेब्रुवारीत खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि २०२३मध्ये तो एकाच सामन्यात दिसला. दिलेल्या चौघांपैकी जेपी सीअर्सने मात्र त्याच वर्षी ओकलंडसाठी ३२ स्टार्ट केले. तेव्हापासून ‘खांदा’ हा शब्द दिसला की मी दोन महिने सलग, न थांबता टाकलेले सामने बघितल्याशिवाय सौद्याला बसत नाही.

तिसरा प्रकार लोक हमखास चुकीचा वाचतात: फेकण्याशी संबंध नसलेली दुखापत. बॉस्टनच्या क्रिस सेलचं घ्या. २०२०मध्ये त्याची टॉमी जॉन झाली होती, तो इतिहास खराच. पण २०२२मध्ये त्याचं बोट मोडलं ते बॅटवरून सुसाट आलेल्या चेंडूने आणि मनगट मोडलं सायकलवरून पडून. यादीत सगळंच एकाखाली एक दिसतं आणि माणूस ‘काचेचा’ ठरतो. सायकलवरून पडण्याने कोपराच्या लिगामेंटबद्दल काहीही कळत नाही. यादीतली प्रत्येक ओळ वेगळी करा, आणि फेकण्यामुळे झालेल्या दुखापतींसाठीच किंमत कापा.

हळकुंड मोडून बघणे

रिहॅबचे टप्पे साधारण असे: आधी सपाट जमिनीवरून लांब फेक, मग माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) बुलपेन, म्हणजे फलंदाजाशिवायचा सराव, मग समोर आपलेच फलंदाज उभे करून सराव, आणि शेवटी मायनर लीगचे (मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवरचे) सामने, दोन इनिंग, तीन, चार, पाच. पिचर कुठल्या टप्प्यावर आहे हे तर बघाच, पण माझं लक्ष असतं दुसऱ्या दिवसावर. तीन इनिंग टाकल्यानंतरचं पुढचं बुलपेन ठरल्या दिवशी झालं का? ते दोन दिवस पुढे ढकललं गेलं, तर कुणी काही म्हणो, हात बोलतोय. बीबरचं जूनमध्ये असंच थांबलं होतं, कोपर दुखलं म्हणून. नंतर पुन्हा सुरू झालं आणि जुलैत तो मायनर लीगमध्ये टाकत होता. एक थांबा मी माफ करते. दुसरा थांबा आला की पान उलटते.

मायनर लीगच्या रिहॅब सामन्यात किती धावा गेल्या, हे बघू नका. पिचर तिथे एखाद्या चेंडूचाच सराव करत असतो, मार बसला तरी तोच टाकत राहतो. बघायच्या तीन गोष्टी. पहिली, वेग, तोही त्याच्याच दुखापतीआधीच्या वेगाशी ताडून. बीबर कधीच शंभर मैलांचा पिचर नव्हता. २०२०मध्ये त्याचा फास्टबॉल ताशी ९४ मैलांच्या आसपास होता आणि २०२३मध्ये ९१च्या जवळ उतरला होता. म्हणून त्याच्याकडे ९२-९३ दिसले तर ती चांगली खूण, दुसऱ्या एखाद्याकडे तोच आकडा धोक्याची घंटा. दुसरी, तो वेग शेवटच्या इनिंगमध्येही टिकतो का. आणि तिसरी, वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस. शस्त्रक्रियेनंतर वेग आधी येतो, ताबा मागाहून. ज्याचे वॉक कमी आहेत त्याचा हात त्याच्या मनाप्रमाणे चालू लागलाय असं समजायला हरकत नाही. ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या सामन्यांतले प्रत्येक चेंडूचे आकडे बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्या.

सेलच्या बाबतीत मी हे केलं नव्हतं, त्याची रुखरुख अजून आहे. ३० डिसेंबर २०२३ला बॉस्टनने त्याला व्हॉन ग्रिसमच्या बदल्यात अटलांटाला दिलं, वर १.७ कोटी डॉलरही दिले. त्या हंगामातला त्याचा ईआरए होता ४.३०. मी तो आकडा वाचला आणि वही मिटली. त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं: १०२⅔ इनिंगमध्ये १२५ स्ट्राइकआउट. फलंदाजांना त्याचा चेंडू अजूनही मारता येत नव्हता. २०२४मध्ये १८ विजय, ३ पराभव, ईआरए २.३८, २२५ स्ट्राइकआउट, आणि नॅशनल लीगचं साय यंग. आमच्या लीगमध्ये खेळाडू निवडताना त्याला नवव्या फेरीत दुसऱ्याने उचललं. मी आठव्या फेरीत एक निरोगी, सामान्य पिचर घेतला होता.

उरलेले दिवस मोजा

आता पेन घ्या. स्टार्टर पिचर साधारण पाच-सहा दिवसांनी एकदा टाकतो, आणि परतलेल्याला तर क्लब जपूनच वापरतो. त्या रात्री मी वहीत लिहिलं ते असं. बीबर २० ऑगस्टला आला, तर २८ सप्टेंबरला साखळी संपेपर्यंत चाळीस दिवस. दर सहाव्या दिवशी एक धरला तर सहा ते सात स्टार्ट. दर स्टार्टला साडेपाच इनिंग. एकूण ३३ ते ३८.

बार्जर फलंदाज, दोन महिने जवळजवळ रोज खेळणार होता. अडतीस इनिंगसाठी तो द्यायचा? नाही. मी उलट कळवलं: बाकावरचा एक रिलीव्हर (सामन्यात मागाहून येणारा पिचर) देईन, बीबर दे. अकरा वाजता ‘चालेल’ आलं.

हा आकडा काढल्याशिवाय कुणाचाही सौदा जोखू नका, कारण ‘परत आलाय’ या दोन शब्दांत पूर्ण हंगाम असल्याचा भास होतो. जेकब डीग्रॉम सप्टेंबर २०२४मध्ये परतला तेव्हा तीन स्टार्टमध्ये १०⅔ इनिंग टाकू शकला. ज्याने त्याला त्या महिन्यासाठी घेतलं त्याच्या हाती तेवढंच आलं. २०२५मध्ये त्यानेच ३० स्टार्ट केले. परतण्याचं वर्ष आणि त्यापुढचं वर्ष ही दोन वेगळी वाणं आहेत, त्यांचे भाव वेगवेगळे लावा. तुमच्या लीगमध्ये खेळाडू पुढच्या वर्षी ठेवता येत असेल तर दुसऱ्या वर्षाचे पैसे मोजा. नसेल तर अजिबात मोजू नका.

खऱ्या क्लबसाठी यात करार येतो. बीबरच्या करारात २०२६साठी १.६ कोटी डॉलरचा पर्याय होता आणि तो निवडायचा हक्क बीबरचा होता. विकत घेणाऱ्यासाठी ही अडचणीची अट. पिचर छान टाकला तर तो बाजारात जाणार, हात गेला तर तुमच्याकडेच राहणार आणि पैसे तुम्ही देणार. म्हणून अशा खेळाडूची किंमत लावताना फक्त या हंगामाचीच लावावी. ब्लू जेजनी तसंच केलं असं मला वाटतं. स्टीफन २०२४च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या फेरीत निवडलेला, मिसिसिपी स्टेटचा चांगला पिचर, पण एकटाच. तीन-चार जण गेले असते तर मी खूप नाराज झाले असते.

विकणारा का विकतोय

सौदा पक्का होण्याआधी क्लब एकमेकांना वैद्यकीय कागद दाखवतात, तरी ज्याच्या घरात पिचर दीड वर्ष रोज फेकत होता त्याला जास्तच माहीत असतं. मी फोनवर अण्णांना बीबरचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, “अगं, त्यांना का नकोय तो?” उत्तर पटण्याजोगं असेल तर पुढे जा. क्लीव्हलंडचं पटलं. हंगामाअखेर तो हातून जाण्याची शक्यता होती आणि तो क्लब तरुण पिचर घडवण्यासाठीच ओळखला जातो. पण स्वतः विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला क्लब आपला परतणारा पिचर स्वस्तात सोडत असेल आणि कारण सापडत नसेल, तर मी त्या वाटेला जात नाही. ऑफिसच्या लीगमध्ये हे सोपं असतं. समोरच्याचा संघ उघडा. त्याला फलंदाज कमी पडतोय की त्याला आज सकाळी काहीतरी बातमी कळलीय?

पुढे काय झालं ते सांगते. बीबर २२ ऑगस्टला मायामीत उतरला: सहा इनिंग, नऊ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. साखळी संपेपर्यंत सात स्टार्ट, ४०⅓ इनिंग, ईआरए ३.५७. वहीतल्या अंदाजापेक्षा दोन-अडीच इनिंग जास्त. ऑक्टोबरात सिअॅटलमध्ये, दोन सामने हरलेल्या आमच्या संघाला त्याने तिसऱ्यात सावरलं. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात डॉजर्सच्या ओहतानीसमोर सुरुवात केली आणि जेजनी तो ६-२ जिंकला. मग १ नोव्हेंबर, सातवा सामना, अकरावी इनिंग, दोन बाद, आणि डॉजर्सच्या विल स्मिथचा होम रन बीबरच्याच चेंडूवर. ५-४ने हरलो. आमच्या घरात कुणी टीव्हीसुद्धा बंद केला नाही.

नंतर त्याने तो १.६ कोटींचा पर्याय घेतला, आणि डिसेंबरात क्लबने सांगितलं की हंगामाच्या शेवटी त्याच्या हाताला थकवा जाणवत होता. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर असा थकवा हलक्यात घेऊ नये. २०२६च्या पानावर मी त्याच्या एप्रिलपुढे शून्य इनिंग लिहिल्या आहेत आणि मेपुढे प्रश्नचिन्ह.

ऑफिसातला तो सहकारी सातव्या सामन्यानंतर म्हणाला की बीबरचा सौदा शेवटी वायाच गेला. मी वही दाखवली. ३० जुलैच्या पानावर त्या रात्री जे कळण्यासारखं होतं ते सगळं आहे: कोपर, पहिलीच शस्त्रक्रिया, एक थांबा, पुन्हा नीट सुरू झालेली फेक, ३३ ते ३८ इनिंग, किंमत एक रिलीव्हर. तेच पान पुन्हा समोर आलं तर मी पुन्हा ‘घे’ लिहीन.