गादीतले डस्ट माइट : पावसाळ्याआधीची तयारी

सकाळी उठल्याउठल्या शिंका सुरू होत असतील तर पहिला संशय गादीवर घ्या. डस्ट माइट, म्हणजे धुळीतले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषतात. मुंबई-कोकणात त्यांचं फावतं ते यामुळेच. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा असतो, म्हणून नुसतं ऊन पुरत नाही: किडे मेले तरी विष्ठा कापसातच राहते.

गादीला मे महिन्यात दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या आणि घराबाहेरच झोडपा. हे काम ॲलर्जी नसलेल्याने, नाक बांधून करावं. मग गादीला आणि उशीला सहाही बाजूंनी बंद होणारी, घट्ट विणीची चेनची खोळ घाला. साधी चादर इथे कुचकामी.

चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. थंड पाण्याने विष्ठा बरीच निघते, किडे मात्र तगतात. गरम पाणी न सोसणारी मऊ खेळणी पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर धुवा.

कोरडा झाडू धूळ उडवतो. ओल्या फडक्याने पुसा. आर्द्रता ५० टक्क्यांखाली हवी, पण कोकणातल्या जुलैत एसी किंवा डीह्युमिडिफायरशिवाय (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) ते जमणं कठीण. निदान ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका.

दमा असेल तर एवढं केलं म्हणून डॉक्टरांनी दिलेला इनहेलर परस्पर बंद करू नका.