निवडणुकीतली बातमी की जाहिरात?

निवडणुकीच्या दिवसांत एकाच मतदारसंघाची बातमी दोन वेगवेगळ्या दैनिकांत काढून शेजारी-शेजारी ठेवा. 2009च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत स्पर्धक दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दशः सारखं छापून आलं होतं! 'पेड न्यूज'चा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचा, गवगवा त्यातूनच वाढला आणि वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलला त्यावर दोन सदस्यांची समिती नेमावी लागली.

अशा मजकुराची खूण ओळखायला सोपी आहे. एकाच उमेदवाराची 'झंझावाती' पदयात्रा, 'अभूतपूर्व' गर्दी, विजय 'निश्चित', आणि प्रतिस्पर्ध्याचं नावसुद्धा नाही. गर्दी किती होती, ते कोणी मोजलं, उमेदवाराला कोणी काय प्रश्न विचारला, यातलं काहीच नसेल तर ती बातमी जाहिरातच समजून वाचा. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' लिहिलंय का, तेही बघा. (चष्मा लागला तरी हरकत नाही.)

आरोपाची बातमी असेल तर मथळा बाजूला ठेवून थेट शेवटचा परिच्छेद वाचा. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं बऱ्याचदा तिथेच, दोन ओळींत उरकलेलं असतं. तेवढंही नसेल, तर दुसऱ्या दिवशीचा अंक आल्याशिवाय ती बातमी कुणाला पाठवू नका.