जुनी इंग्लिश दुनळी घेताय? आधी नळ्या बघा

लोक आधी नाव वाचतात. पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड असं लंडनच्या बड्या बंदूककारांचं नाव दिसलं आणि वर नक्षीकाम असलं की पाकीट बाहेर निघतं. माझं म्हणणं, नाव शेवटी वाचा, कारण दस्ता दुरुस्त होतो, लॉक म्हणजे बार उडवणारी कळ दुरुस्त होते, पण नळी आतून घासून पातळ झाली की ती जाडी परत येत नाही.

बंदूक रिकामी आहे ना हे स्वतः बघून घ्या, मग नळ्या सुट्या करून खालच्या हुकाला बोट अडकवून लटकवा आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. नळ्या चांगल्या असतील तर घंटेसारखा लांब नाद घुमतो, खरखर आली तर मधली पट्टी सुटलेली आहे. मग उजेडाकडे धरून आत बघा, खड्डे दिसतात, पोचा असेल तर सावलीची कडी तिथे वाकते. जाडी मात्र गेजनेच मोजायची, डोळ्याने नाही. तिकडच्या धंद्यात साधारण २० थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही खालची मर्यादा धरतात.

नळीखालचे लंडन किंवा बर्मिंगहॅमचे प्रूफचे, म्हणजे नळी जादा दाबाने तपासल्याचे, शिक्के नीट वाचा. नायट्रो प्रूफ, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठीची तपासणी, नसेल, फक्त जुन्या काळ्या दारूचं असेल तर आजचं काडतूस त्यात घालायचंच नाही. दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, नळी दिसली म्हणून लगेच नाही म्हणू नका, नायट्रो प्रूफ झालेल्याही असतात. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा अडीच इंची असतं, त्यात ७० मिमीचं काडतूस चालत नाही. आणि चेंबरच्या पुढे बारीक सांधा किंवा ‘स्लीव्ह्ड’ असं कोरलेलं दिसलं तर तिथून पुढच्या नळ्या बदलल्यात, बंदूक छान चालेल पण किंमत बरीच खाली येते.

आता नाव. पर्डी अजूनही बीस्ली या कारागिराच्या १८८० च्या पेटंटवरच साइडलॉक, म्हणजे कळ बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली बंदूक, बनवते, ते काम बघून खरंच जीव हरखतो. पण बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीत १८७५ ला निघालेली अँसन-डीली बॉक्सलॉक पद्धत, ज्यात कळ मधल्या सांगाड्याच्या आत बसते, साधी आणि दणकट आहे, बर्मिंगहॅमची चांगली बॉक्सलॉक लंडनच्या साइडलॉकपेक्षा खूप स्वस्तात मिळते आणि चालवायला मला तीच आवडते. नंबर नळी, अ‍ॅक्शन (मधला धातूचा सांगाडा) आणि पुढच्या लाकडावर एकच हवा. सोन्यात १ किंवा २ जडवलेला असेल तर ती जोडीतली, दुसरी कुठाय ते विचारा, कारण पूर्ण जोडीला दोन सुट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भाव येतो.

आपल्याकडे संस्थानिकांनी मागवलेल्या अशा बंदुका अजून काही घरांत आहेत, पण शंभर वर्षं जुनी असली तरी आजची काडतुसं चालणारी बंदूक लायसन्सशिवाय ठेवता येत नाही, ते आधी बघा. आणि विकणारा नळ्या मोजू देत नसेल तर सौदा तिथेच सोडा.