मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली दिनचर्या

आयुर्वेदाची दिनचर्या म्हणून जे वेळापत्रक मोबाइलवर फिरतं, ते बहुतेक वेळा दमट हवेच्या आणि मुबलक पाण्याच्या मुलखाला बेतलेलं असतं. शास्त्राने मात्र देश पाहून आचार सांगितला आहे. आनूप (दमट, पाणथळ), जांगल आणि साधारण (दोन्हींच्या मधला) असे देशाचे तीन प्रकार. झाडी विरळ, पाऊस बेताचा, ऊन-वारा भरपूर, तो जांगल देश आणि तो वातप्रधान. मराठवाड्याचा बराचसा भाग याच वर्णनात बसतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत १० च्या खाली उतरतो. अशा हवेत कातडी फुटते, सांधे कटकट वाजतात, पोट साफ होत नाही, झोप तुटक लागते. ही सगळी वाताचीच लक्षणं, आणि वात मुळात कोरडा. त्यामुळे इथे दिनचर्येचा पाया तेल-तूप हाच. सडपातळ, कोरड्या प्रकृतीच्या माणसाने चैत्रात रोज उपाशीपोटी लिंबू-मध-गरम पाणी घेऊन आणखी वाळत जाण्यात काही अर्थ नाही.

अंगाला तेल

दिवाळीच्या पहाटे घरोघर अभ्यंग होतं आणि दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी फडताळात जाते. खरं तर थंडीची ती सुरुवात असते. तिथून संक्रांतीपर्यंत रोज, आणि पुढे आठवड्यातून दोनदा तेल लावलं तर त्याचा उपयोग दिसतो.

तेल तिळाचं, घाण्याचं. करडईचं तेल इथल्या स्वयंपाकात मुरलेलं आहे, फोडणीला ते खुशाल वापरा. जुन्या ग्रंथांनी त्याला फारसा मान दिलेला नाही हेही खरं. अंगाला मात्र तिळाचंच बरं. एप्रिल-मेमध्ये तीळतेल उष्ण पडतं, अंगाची आग होते, म्हणून त्या दोन महिन्यांत खोबरेल घ्या.

मोठ्या माणसाच्या सर्वांगाला ४० ते ५० मिली, म्हणजे लहान वाटीभर तेल पुरतं. वाटी गॅसवर ठेवू नका; गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, कोमट लागलं की झालं. आधी टाळू, मग कानाच्या पाळ्या, मान, खांदे. दंड, मांड्या, पोटऱ्या यांवर हात लांब फिरवायचा. खांदा, कोपर, गुडघा, घोटा यांवर गोल. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हलक्या हाताने. कंबर आणि पाठ दुसऱ्या कुणाकडून चोळून घेतली तर उत्तम. सगळं मिळून १५-२० मिनिटं. दाबून दाबून रगडणं म्हणजे अभ्यंग नव्हे, त्याने दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. तेल १५-२० मिनिटं मुरू द्यावं, मग आंघोळ.

इथे पाण्याचा प्रश्न येतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात तेल काढायला तीन बादल्या पाणी कुठून आणायचं? साबणाने तेल काढायला गेलं की पाणी जास्त लागतं, त्यात बोअरचं पाणी जड असेल तर फेसच होत नाही. त्यासाठी दोन मोठे चमचे हरभऱ्याचं किंवा मसुरीचं पीठ आणि पाव चमचा हळद (हिंगोली-वसमतची घरात असतेच) थोड्या पाण्यात कालवून अंगाला चोळा. पीठ तेल ओढून घेतं आणि एका बादलीत आंघोळ उरकते. पीठ मोरीत साचू नये म्हणून जाळीवर फडकं ठेवा. आणखी एक, न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर तेलकट पाय हमखास घसरतो. म्हाताऱ्या माणसांनी पाटावर बसूनच तेल लावावं आणि उठण्याआधी तळवे पुसून घ्यावेत.

ताप, अजीर्ण, सर्दी भरून आलेली असताना तेल लावू नये. जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्यावेत. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि गरोदरपणात पोट चोळू नये. पायाला एकाच बाजूला सूज, लाली आणि दुखणं असेल तर चोळणं सोडा आणि डॉक्टर गाठा; शिरेत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून धोका होऊ शकतो.

रोज सर्वांगाला जमत नाही, हे कामावर जाणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं असतं आणि ते रास्त आहे. मग डोकं, कान आणि तळपाय एवढंच करा, पाच मिनिटांचं काम. कानाला म्हणजे बाहेरून. लसणाचं गरम तेल कानात ओतण्याची सवय घराघरांत आहे. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर त्याने दुखणं वाढतं.

तळपाय आणि काशाची वाटी

काळ्या रानात अनवाणी किंवा फाटक्या चपलेवर राबणाऱ्यांच्या टाचा उन्हाळ्यात अशा फाटतात की रक्त येतं. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून, दगडाने मेलेली कातडी हलकेच काढून, कोरडे करून मलम लावा. ते घरी होतं: एक भाग मधमाशीचं मेण, पाच भाग तीळतेल, दोन्ही एका वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवायची, वितळलं की ढवळत गार करायचं. हिवाळ्यात मेण थोडं कमी घ्या, नाहीतर दगडासारखं होतं. वरून सुती मोजे घालून झोपा, नाहीतर मलम गोधडीला लागतं.

झोप येत नसेल, तळपायाची आग होत असेल तर काशाची वाटी. तळव्याला अर्धा चमचा तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने टाचेकडून बोटांकडे, प्रत्येक पायाला दहा मिनिटं घासायचं. थोड्या वेळाने तूप काळंभोर दिसतं आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असं सांगितलं जातं. तसं नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप, घाम आणि घर्षण यांनी धातूचा अंश सुटतो, म्हणून ते काळं होतं. पायाला आराम मिळतो तो चोळण्याने आणि तुपाने, आणि तो खराच मिळतो. काळं झालेलं तूप मात्र धुऊन टाकावं, जखमेवर लागू देऊ नये. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. त्याने वाटी घासू नये, गरम पाण्यात पायही बुडवू नयेत. रोज आरशात तळवा पाहून नुसतं तेल लावावं.

दात, नाक

मिशेरी ही आयुर्वेदातली गोष्ट नव्हे. तो भाजलेला तंबाखू आहे, दाताला लावला तरी रक्तात जातो, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्याने वाढतोच. बाभळीची किंवा कडुलिंबाची ताजी काडी घ्या, करंगळीएवढी जाड, वीतभर लांब. एक टोक चावून कुंचला करा, एकेक दात हिरडीकडून टोकाकडे घासा. तोंड आलं असेल तर काडी नको. लाल दंतमंजनात गेरू असेल तर ते खरखरीत पडतं, रोज घासल्याने दाताचं वरचं आवरण झिजतं.

नाकात तेल ही या मुलखाला फार उपयोगी सवय, आणि तीच सगळ्यात कमी केली जाते. सोयाबीन-तुरीच्या मळणीवर जाण्याआधी, धुळीच्या रस्त्याने प्रवासाला निघण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब तीळतेल किंवा पातळ केलेलं तूप. करंगळीने आत फिरवलं तरी चालतं. दोनाचे वीस थेंब करू नका, श्वासाबरोबर तेल फुफ्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो. लहान मुलांना, सर्दी वाहत असताना आणि नुकतंच डोक्यावरून न्हाल्यावर नको.

पाणी

सकाळी उठल्यावर एक-दोन पेले, तेही तहान असेल तर. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवायला हरकत नाही, पण त्यात लिंबू, ताक, कोकम काहीही घालू नका, आंबट पदार्थ तांबं विरघळवतात. आठवड्यातून एकदा भांडं चिंच-मिठाने घासून घ्या. आणि एक गैरसमज: उकळल्याने जंतू मरतात, पण बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. दातांवर पिवळे-तपकिरी डाग घरातल्या सगळ्या पोरांना दिसू लागले तर पाणी तपासून घ्यावं.

भाकरी, तूप, ताक

ज्वारी गुणाने रुक्ष आणि पचायला हलकी. म्हणून ज्वारीच्या भाकरीबरोबर काहीतरी स्निग्ध हवंच: वरणावर चमचाभर तूप, किंवा तिळाची, जवसाची, कारळाची चटणी तेल घालून. कोरडी भाकरी, कोरडा ठेचा आणि कांदा हे रोजचंच झालं की मलावरोध ठरलेला. बाजरी थंडीत खावी, शिमग्यानंतर बंद. दुपारचं जेवण पोटभर, रात्रीचं हलकं; मुगाचं वरण-भात किंवा येसराची आमटी आणि अर्धी भाकरी पुरे. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण झालेलं असावं. शेताला रात्रीची लाइट असते तेव्हा हे जमत नाही, तर निदान पाणी द्यायला जाण्याआधी जेवून घ्या, परत आल्यावर मध्यरात्री नको.

ताकाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त चुका त्यातच होतात. ताक थंड लागतं, पण शास्त्रात ते उष्णवीर्य, म्हणजे अंगात उष्णता वाढवणारं आहे आणि कडक उन्हाळ्यात ते जपून घ्यायला सांगितलं आहे. आंबट ताक लोटीभर प्यायलं की छातीत जळजळ, अंगावर पुरळ, तोंड येणं हे का होतं ते यातून कळतं. त्रास आंबटपणाचा आहे. तो टाळायचा तर सुरुवात विरजणापासून करायची.

मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागतं. रात्री नऊला विरजलेलं दूध सकाळपर्यंत आंबून वर हिरवट पाणी सुटतं. दुपारच्या ताकासाठी पहाटे सहाला विरजण लावा, लिटरभर दुधाला अर्धा चमचा पुरतं. भांडं परातीत गार पाणी घालून त्यात ठेवा. दही लागलं की अर्धी वाटी दह्याला दोन वाट्या माठाचं पाणी, रवीने घुसळून लोणी काढून घ्या. भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, कोथिंबीर, चिमूटभर सैंधव. पित्ताचा त्रास असणाऱ्याने सैंधवाऐवजी खडीसाखर घालावी. रक्तदाब असणाऱ्याने मीठ घालूच नये. हे ताक दुपारी जेवताना घ्यायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. फ्रिजमधलं कालचं ताक म्हणजे थंडगार आंबटपणा. पावसाळ्यात प्रमाण उलटं: दाटसर ताक, त्यात हिंग आणि सुंठ. रात्री दही कधीच नको.

आंबील करत असाल तर तेच लक्षात ठेवा. ज्वारीचं पीठ ताकात सकाळी भिजवलं की संध्याकाळपर्यंत शिजवून घ्या, रात्र उलटू देऊ नका.

वेग, ऊन आणि झोप

ग्रंथांत तेरा नैसर्गिक वेग अडवू नका असं सांगितलं आहे: लघवी, शौच, शिंक, भूक, तहान, झोप वगैरे. यातला लघवीचा वेग इथे बायका सर्रास अडवतात, कारण रानात आडोसा नसतो, एसटी थांबत नाही, थांबली तरी स्थानकातलं शौचालय जाण्यासारखं नसतं. मग पाणीच कमी पितात. पुढे जळजळ, वारंवार संसर्ग, मुतखडा. इथे उपदेश करण्याआधी घरच्यांनी शेतात आखाड्यावर चार पत्र्यांचा आडोसा उभा करावा, हाही दिनचर्येचाच भाग आहे.

एरवी दिवसा झोप वर्ज्य, पण ग्रीष्मात चालते. दुपारी बारा ते चार उन्हातलं काम बंद ठेवून जेवणानंतर डाव्या कुशीवर वीस-तीस मिनिटं पडावं. या दिवसांत व्यायाम कमी. कपाळाला घाम आला आणि तोंड कोरडं पडलं की थांबावं. जो दिवसभर खुरपणी करतो त्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. ऊन लागून माणूस बडबडू लागला, अंग तापलं किंवा शुद्ध हरपत चालली तर कांदा हुंगवत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

अडवायचे वेगही सांगितले आहेत: राग, मत्सर, लोभ. यासाठी रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणं ही आजची सगळ्यात सोपी कृती, आणि त्यासोबत तळपायाला तेल. पण दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कर्जापायी जीव नकोसा वाटत असेल तर ब्राह्मीच्या तेलावर विसंबू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

चूर्ण घेताना

पोट साफ होत नसेल तर रात्री अर्धा चमचा त्रिफळा कोमट पाण्याबरोबर, अंग फार कोरडं असेल तर अर्धा चमचा तुपासह. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर मात्रा वाढवू नका, वैद्याला दाखवा. नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. गरोदरपणात त्रिफळा नको. डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक आणि तारीख पाहूनच घ्या. आठवडी बाजारात गुडघेदुखीसाठी मिळणाऱ्या सुट्या पुड्या दोन दिवसांत दुखणं थांबवतात. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि भस्मं नीट शुद्ध केलेली नसली तर मूत्रपिंडाला बाधतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका, आणि कुठलंही चूर्ण सुरू करताना ते गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.