'हेटालिया' कशी वाचावी: देशांची माणसं झाली की नाती कशी ओळखायची

हिदेकाझ हिमारुया यांची 'हेटालिया' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जिच्यात प्रत्येक देश हे एक माणूस असतं, एकदा तरी चाळून झाली आहे असं धरून चालते. जर्मनी शिस्तीचा, इटली पळपुटा, जपान अबोल, अमेरिका बढाईखोर, हे सांगत बसणार नाही. नावातली गंमतही ठाऊक असेल: जपानीत 'हेतारे' म्हणजे नेभळट, त्याला इटालिया जोडलं की झालं. वेबकॉमिक म्हणून सुरू झालेली ही मांगा २००८ मध्ये पुस्तकरूपात आली आणि २००९ मध्ये तिची ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, निघाली. हसायला एवढं पुरतं. पण हा याचा भाऊ का, ती त्याच्या घरी भांडी का घासते, तो याच्यावर का चिडतो, हे कळून घ्यायचं असेल तर वाचायची पद्धत थोडी बदलावी लागते.

नव्या वाचकाला सगळे पहिला सल्ला देतात तो असा: आधी पात्रांची यादी पाठ करा. उंची, आवडतं खाणं, केसांचा रंग. मी केली होती. काही उपयोग होत नाही. यादीतली एकच गोष्ट कामाची, वाढदिवस. इटलीचा १७ मार्च, कारण १८६१ मध्ये त्या दिवशी इटलीच्या राज्याची घोषणा झाली. प्रशियाचा (हे जुनं जर्मन राज्य) १८ जानेवारी, कारण १७०१ मध्ये तिथला पहिला राजा त्या दिवशी अभिषिक्त झाला. जर्मनीचा मात्र ३ ऑक्टोबर, म्हणजे १९९० चं एकीकरण. दुसऱ्या महायुद्धाच्या गणवेशात वावरणाऱ्या माणसाचा वाढदिवस बर्लिनची भिंत पडल्यानंतरचा! हे पात्र म्हणजे कुठलं एक सरकार नव्हे, ही खूणगाठ इथेच बांधा.

पात्रांना दिलेली माणसांची नावं, म्हणजे लुडविग (जर्मनी), फेलिसियानो (इटली), आर्थर (इंग्लंड) वगैरे, बाजूला ठेवा. ती फॅनफिकसाठी, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांसाठी, चांगली आहेत. मांगातली पात्रं एकमेकांना देशाच्या नावानेच हाक मारतात, आपणही तेच करू.

आता घरगुती शब्दांचा अर्थ लावायचा. या मांगात 'घर' म्हणजे साम्राज्य. कुणाच्या घरी राबणं म्हणजे त्याच्या सत्तेखाली असणं. छोटा इटली ऑस्ट्रियाच्या घरी झाडलोट करतो, कारण उत्तर इटलीतला मोठा प्रदेश ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याकडे होता. त्याचा भाऊ रोमानो स्पेनकडे वाढतो, कारण सोळाव्या शतकापासून दोनशे वर्षं नेपल्सवर स्पेनची सत्ता होती. एकाच देशाचे दोन भाऊ का, याचं उत्तरही त्यातच आहे. 'दत्तक बहीण' म्हणजे बहुधा आर्थिक आधार: लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाचा जकात करार आधी ऑस्ट्रियाशी होता, पहिल्या महायुद्धानंतर तो मोडला, १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी नवा झाला. म्हणून उपाशी पोरीला स्वित्झर्लंड घरी आणतो. हे एकदा समजलं की अर्ध्या चित्रपट्ट्या आपोआप उलगडतात.

उरलेल्या अर्ध्यांत मी दोन वर्षं अडकले होते. आता त्याबद्दल.

अडचण अशी की प्रत्येक चौकटीत 'देश' बोलतो, पण दर वेळी तोच देश बोलत नाही. कधी ते पात्र म्हणजे तिथलं राज्य असतं, कधी तिथले लोक, कधी नुसती जगभर पसरलेली प्रतिमा (इटालियन म्हटलं की पास्ता), आणि कधी यातलं काहीच नाही, फक्त लेखकाने कल्पिलेली भावना. शिवाय राज्यकर्ते या मांगात वेगळे आहेत. त्यांना 'बॉस' म्हणतात आणि पात्रं त्यांच्या नावाने कुरकुर करतात. म्हणजे जर्मनी हे पात्र म्हणजे जर्मनीचं सरकार, हे समीकरण लेखकानेच मोडून ठेवलंय. तरीही लोक पात्राच्या प्रत्येक वागण्याला परराष्ट्र धोरण समजून लेख लिहितात.

मीही लिहिला होता. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्या लग्नावर, चांगला लांबलचक, 'युरोपातलं सर्वांत समंजस दांपत्य' अशा थाटाचा. एका वयस्कर वाचकाने खाली तीनच शब्द लिहिले: "१८४९ चं काय?" मला काही माहीत नव्हतं. शोधल्यावर तोंड लपवायची वेळ आली. १८४८ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव केला, रशियाच्या झारची फौज बोलावून तो चिरडण्यात आला, आणि ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद इथे हंगेरीच्या तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८६७ मध्ये, 'लग्न', म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरी हे जोडराज्य. तेही का? आदल्या वर्षी प्रशियाने ऑस्ट्रियाला सपाटून मारलं होतं आणि हंगेरीशी जुळवून घेतल्याशिवाय घर टिकणार नव्हतं म्हणून. दोन संसदा, सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार सामाईक, आणि खर्चात कोणाचा वाटा किती याचा करार दर दहा वर्षांनी नव्याने. दर दहा वर्षांनी घरखर्चावरून भांडणारं जोडपं मी 'समंजस' म्हणून रंगवलं होतं.

त्या फजितीतून जी पद्धत हाती आली तिच्यावाचून मी आता एकही पट्टी वाचत नाही. नातं दिसलं की त्याची तारीख शोधायची. मग त्या तारखेच्या आधीची वीस वर्षं आणि नंतर ते नातं तुटेपर्यंतची वर्षं बघायची. मांगा बहुतेक वेळा मधला गोड क्षण उचलते. आधीचं रक्त आणि नंतरची काडीमोड तिथे नसते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाबतीत नंतरचं म्हणजे १९१८ ची फाटाफूट आणि १९२० चा त्रियानोंचा तह. त्यात हंगेरीच्या राज्याचा दोन तृतीयांश प्रदेश गेला. तळणीचा तवा घेऊन धावणारी हंगेरी विनोदी आहेच, पण हे कळल्यावर तिचा राग निव्वळ विनोदी राहत नाही.

'लग्न म्हणजे प्रेम' ही चूक सर्वांत जास्त होते म्हणून आणखी एक उदाहरण देते. पोलंड आणि लिथुआनिया. इथे खरोखरचं लग्न झालं होतं: १३८६ मध्ये पोलंडची यादविगा आणि लिथुआनियाचा योगायला यांचं. पुढे १५६९ मध्ये लुब्लिनला दोन्ही राज्यं एकत्र आली. मांगात मात्र हे दोघं दोस्त, एक हट्टी आणि एक सोशीक. म्हणजे जिथे राजाराणीचं लग्न लागलं तिथे मैत्री काढली, आणि जिथे वकिलांनी कागद केले तिथे लग्न काढलं. मांगातल्या नात्याचं नाव इतिहासातल्या नात्याच्या नावाशी जुळेलच अशी अपेक्षा ठेवू नका. नात्याची चव जुळते का बघा. पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यात पोलिश भाषा आणि रीतिरिवाज हळूहळू वरचढ झाले, म्हणून दोस्तांमधला हट्टी कोण आणि सोशीक कोण, हे मात्र अगदी बरोबर उतरलंय.

कोणता देश बोलतोय हे ओळखायला मराठी वाचकाच्या हाती एक आयतं साधन आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्यांकडे ते नाही. आपल्याला क्रियापदाला लिंग लावावंच लागतं. भूगोलातली जर्मनी, इटली, अमेरिका या आपल्याकडे स्त्रीलिंगी. मांगातली ही तिन्ही पात्रं पुरुष. (खेळाच्या पानावर 'जर्मनी जिंकला' आणि 'जर्मनी जिंकली' दोन्ही छापून येतं, ते सोडा.) म्हणून मी वहीत टिपण करताना नियम केला: पात्राला पुल्लिंग, देशाला स्त्रीलिंग. 'इटली घाबरला' हे पात्र. 'इटली दुभंगली' हा देश: सप्टेंबर १९४३ मध्ये शस्त्रसंधी झाला, राजा दक्षिणेत ब्रिंदिसीला गेला आणि उत्तरेत जर्मन फौजांच्या आधाराने मुसोलिनीचं वेगळं सरकार उभं राहिलं. आता पट्टीबद्दल एक वाक्य लिहून बघा. 'जर्मनी इटलीवर चिडला.' लगेच प्रश्न पडतो, की चिडली का? १९४०-४१ च्या हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत इटलीची फौज कोलमडली आणि फेब्रुवारीत जर्मन सेनापती रोमेलला धाडावं लागलं, म्हणजे देश म्हणूनही चिडायला कारण होतं. दोन्ही वाक्यं खरी ठरली की समजा पट्टी इतिहासावर उभी आहे. फक्त पुल्लिंगी वाक्य खरं ठरलं तर ती प्रतिमेवर किंवा कल्पनेवर उभी आहे, तिच्यातून इतिहास काढायला जाऊ नका.

एक सूचना. 'इटलीने तह केला' अशी 'ने'ची वाक्यं या चाचणीत चालत नाहीत. 'ने' आला की क्रियापद तहाच्या मागे जातं आणि इटलीचं लिंग झाकलं जातं. मराठीत लिहिलेल्या बऱ्याच विश्लेषणांत सगळी वाक्यं 'ने'चीच असतात, आणि कोण बोलतंय हा घोळ तसाच राहतो. घाबरला, रडला, पळाला, उठला अशी क्रियापदं घ्या.

चाचणीत नापास होणारी सर्वांत प्रसिद्ध पट्टी म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची. पाऊस, चिखल, इंग्लंड बंदूक रोखतो, झाडू शकत नाही, गुडघ्यावर कोसळतो. मीही रडले आहे. पण कोण कोसळलं? १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउन इथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज शरण आली तेव्हा तो स्वतः आजारपणाचं कारण देऊन आला नाही, दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये त्याने श्रीरंगपट्टणला वेढा घालून टिपूकडून निम्मं राज्य काढून घेतलं, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या बाजूला होत्या. पावसात रडणारा इंग्लंड फक्त पश्चिमेकडे तोंड करून रडतो. आपण त्याला पाठीमागून ओळखतो, आणि तिकडून तो बिलकुल खचलेला दिसत नाही. ती पट्टी खोटी नाही. ती भावना लेखकाची आहे, इंग्लंडची नव्हे, एवढंच.

यापुढचं सोपं आहे. मांगातला पवित्र रोमन साम्राज्य हा छोटा मुलगा आणि जर्मनी एकच आहेत का? साम्राज्य ६ ऑगस्ट १८०६ ला विसर्जित झालं, जर्मन साम्राज्याची घोषणा १८ जानेवारी १८७१ ला झाली. मधली पासष्ट वर्षं ज्याची त्याने भरावी. चाहत्यांचा तर्क म्हणून आवडला तर ठेवा, कॅनन, म्हणजे मूळ कथेतलीच गोष्ट, म्हणून दुसऱ्यावर लादू नका. शिपिंगबद्दलही, म्हणजे चाहत्यांनी पात्रांच्या प्रेमजोड्या लावण्याबद्दलही, तेच.

पण काय काढलेलं नाही तेही वाचा, ही पायरी वगळू नका. ही युद्धकथा जपानी कागदावर, जपानी वाचकांसाठी काढलेली आहे, आणि तिच्यातला जपान नम्र, लाजरा, पाहुण्यांच्या गोंधळाने दमणारा आहे. १९१० ते १९४५ कोरिया त्याच जपानच्या ताब्यात होता. जानेवारी २००९ मध्ये कोरियाच्या पात्रावरून दक्षिण कोरियात संताप उसळला, जपानमधल्या वाहिनीने प्रक्षेपण रद्द केलं, ॲनिमे इंटरनेटवरून दाखवली गेली आणि कोरियाचं पात्र तिच्यात आलंच नाही. 'विनोद आहे, मनावर घेऊ नका' हे सांगणं सोपं असतं. आपल्याकडे देश म्हणजे आई. १९०५ मध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांनी चार हातांची, भगव्या वस्त्रातली भारतमाता रंगवली तेव्हापासून तर तिचा चेहराही ठरून गेला. तिला कुणी धांदरट मोलकरीण म्हणून काढलं तर आपण किती हसू, हे स्वतःला विचारा, म्हणजे कोरियन वाचक लगेच कळतो.

सरावाला कुठून सुरुवात करावी? सीलँडपासून. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यासमोर समुद्रात महायुद्धातला एक ओसाड नौदलाचा किल्ला, १९६७ मध्ये रॉय बेट्स नावाच्या माणसाने तो ताब्यात घेऊन देश जाहीर केला, आणि कुठल्याही राष्ट्राने त्याला मान्यता दिली नाही. मांगातला सीलँड म्हणजे 'मलाही देश म्हणा' म्हणून मोठ्यांच्या मागे लागणारं पोर. राज्य, लोक आणि प्रतिमा इथे जवळजवळ एकच आहेत, चुकायला जागा नाही. मग स्वित्झर्लंड घ्या. त्याच्या बंदुका आणि तटस्थता शेजारी शेजारी ठेवून बघा. मग दोघं इटली. मग १९०२ च्या करारातले इंग्लंड आणि जपान, दोन एकाकी बेटं. ऑस्ट्रिया-हंगेरी सर्वांत शेवटी. मी तिथूनच सुरुवात केली होती, आणि त्या तीन शब्दांच्या प्रश्नाला अजून उत्तर लिहिलेलं नाही.